पहिला वाटा देवीचा

मालू नाखवाला डिस्क कापता येते, असं तिच्या आईनं अख्ख्या मिठबंदर रोडला सांगून ठेवलं होतं. डिस्क म्हणजे काय ते मनुबाईला ठाऊक नव्हतं, आणि ऐकणाऱ्यांनाही नव्हतं. पण कोपरीच्या बाजारात तीस वर्षं मासळी विकणाऱ्या बाईची पोरगी काहीतरी कापते, आणि तेही एसीत बसून, एवढं सगळ्यांना पटलं. एकीनं तर विचारलंही, "गो मनु, ती डिस्क आपल्या खाडीत गावते, का बाहेरून येते?"

खरं सांगायचं तर मालू कापत काहीच नसे. ती वाटे घालायची.

गोष्ट शहाण्णव सालची. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून मालू ठाण्यातच वागळे इस्टेटमध्ये 'केळुसकर कॉम्प्युटर्स'मध्ये लागली होती. मालक शिवराम केळुसकर, मूळचे मालवणकडचे, राहायला डोंबिवलीत. माणूस मनाचा मोकळा, पण तोंडानं फटकळ, आणि चिकट इतका की फणसाची आठळीसुद्धा वाया जाऊ देणार नाही. त्यांनी मालूला सहा महिन्यांच्या ट्रायलवर घेतलं होतं. काम जमलं तर कायम, नाही जमलं तर राम राम. पाच महिने झाले होते. इकडे मनुबाईनं मात्र पहिल्याच आठवड्यात "माझी पोर कंपनीत कायम झाली" म्हणून गल्लीभर पेढे वाटले होते. त्यामुळे आता कायम होण्यावाचून मालूला गत्यंतर नव्हतं. नाहीतर पेढे खाल्लेली शंभर तोंडं रोज येता-जाता विचारणार.

तर काम काय, की मोठं मशीन घेतलं म्हणजे त्यात नुसत्या डिस्क असून भागत नाही. आधी त्यांची आखणी करावी लागते. एवढी जागा ह्याला, एवढी त्याला. त्यातून डेटाबेस, म्हणजे ज्यात सगळी माहिती भरून ठेवतात तो प्रोग्राम, त्याचे नखरे तर जावयासारखे. त्याला स्वतःची वेगळी जागा हवी, ती कोरी हवी, तिथे दुसऱ्या कुणी पाऊल टाकलेलं चालत नाही, आणि किल्लीही फक्त त्याच्याच नावावर हवी. हे सगळं झाल्याशिवाय स्वारी घरात पाऊल ठेवत नाही.

डिस्कच्या आत गोल तबकड्या असतात आणि त्यांच्यावर हजारो गोल पट्ट्या, शून्यापासून नंबर घातलेल्या. मालू प्रिंटरच्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं लांब चौकट काढायची आणि ह्या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत हा वाटा, तिथून पुढे तो वाटा, असं आकड्यांनिशी लिहायची. ऑफिसात बाकीचे 'पार्टिशन' म्हणत. मालूच्या तोंडात वाटाच बसलेला.

"मालू, हे कॉम्प्युटरचं ऑफिस आहे, मच्छी मार्केट नाही," शिवरामसर खेकसले होते. महिन्याभरात तेच फोनवर विचारायला लागले, "वाटे घालून झाले का गो?"

पण एक खोड तिची होती, आणि ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. पहिली पट्टी ती कुणालाच द्यायची नाही. शून्य नंबर मोकळा सोडायचा आणि एकपासून वाटे घालायचे. कुणी शिकवलं नव्हतं, कुठे वाचलं नव्हतं. लहानपणापासून आईच्या पाटीशेजारी बसून तिनं एकच बघितलं होतं. मांदेली असोत, कोलिम असो नाहीतर बोयटं, मनुबाई पहिला वाटा घालायची तो पाटीच्या कोपऱ्यात पानावर, आणि तो विकायची नाही. गिऱ्हाईक नेमकं त्याच्यावरच बोट ठेवायचं. मनुबाई म्हणायची, "त्याला हात लावू नको बाय, तो देवीचा." पहिलं सोडून मगच वाटायचं, हे मालूच्या हाताला लागलेलं वळण होतं. हाताचं वळण काही डिप्लोमा केल्यानं जात नाही.

पाचव्या महिन्याच्या शेवटी डोंबिवलीचं काम आलं. रामनगरात सुमतीबाई फणसळकरांचं 'जुळवाजुळव वधू-वर सूचक केंद्र' होतं. सुमतीबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. नऊवारी नाही, पण आवाज नऊवारी. बावीस वर्षांत त्यांनी अकरा हजार स्थळांची कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवली होती. डोंबिवलीत, कल्याणात आणि ठाण्यात तीन शाखा झाल्या, आणि एका शाखेत लग्न ठरलेला मुलगा दुसऱ्या शाखेत अजून 'उपवर' म्हणून दाखवला जाऊ लागला. एका मुलाला तर साखरपुड्याच्या दिवशी तिसऱ्या शाखेतून बघायला येण्याचं पत्र गेलं. त्यानंतर बाईंनी ठरवलं, कॉम्प्युटर घ्यायचाच, आणि घ्यायचा तर मोठाच.

मशीन आलं. त्याची स्वतःची एक डिस्क होती, शिवाय तीन कोऱ्या. दोन डेटाबेसला राहायला, आणि तिसरी रोजच्या कामाची नक्कल उतरवून ठेवायला. मालू सकाळी दहाला पोचली, चपला बाहेर काढल्या, चौकटी आखल्या, आणि बारापर्यंत तिन्ही डिस्कचे वाटे घालून झाले. सुमतीबाई चष्मा पुढे ओढून कागद बघत होत्या.

"ही पहिली पट्टी रिकामी का सोडलीत?"

नेमके तेव्हाच शिवरामसर दारातून आत आले. मालू गोंधळली. खोटं बोलायला तिला जमत नव्हतं, आणि खरं काय ते तिलाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "आमच्यात पहिला वाटा देत नाहीत, बाई. तो देवीचा."

मग डेटा भरायला नेमलेल्या तिघी मुली फिदीफिदी हसल्या. शिवरामसरांचे कान लाल झाले.

"अगं ए, गिऱ्हाईकाला काय सांगतेस तू? सत्तावीसशे पट्ट्यांचे पैसे घेतले मी, आणि सव्वीसशे नव्याण्णव देऊ? बाकीची देवीला? ऊठ. ऊठ तिथून."

आणि स्वतः खुर्चीवर बसले. बाह्या वर केल्या, बोटं कडाकडा मोडली, आणि मालूनं दोन तासांत नीट घातलेले वाटे दहा मिनिटांत मोडून शून्यापासून नव्यानं घातले. पहिली डिस्क झाली, दुसरी झाली. तिसरीला हात घालणार, एवढ्यात आतून अळूवडी तळल्याचा वास आला आणि सुमतीबाईंनी पानं घेतल्याचं सांगितलं. मालवणी माणूस वासावरून उठला.

"तिसरी तू कर," सर जाता जाता म्हणाले. "शून्यापासून. कळलं?"

"हो सर," मालू म्हणाली.

आणि केली नाही.

का केली नाही, हे तिला पुढे कितीदा विचारलं लोकांनी. रागानं? थोडी रागानं. पण जास्त करून हात चालेना म्हणून. बोट कीबोर्डवर ठेवलं की आईचा आवाज यायचा. शेवटी तिनं तिसरी डिस्क होती तशीच ठेवली, आपल्या कागदावर पहिल्या दोघींच्या चौकटीवर तांबड्या पेन्सिलीनं 'सरांच्या सांगण्यावरून शून्यापासून' असं लिहिलं, कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि जेवायला जाऊन बसली. ट्रायलवरच्या मुलीनं मालकाचं ऐकलं नाही, हे कळलं तर राम राम पक्का. त्यातून जेवण झाल्यावर सरांनी रिपोर्ट लिहिला, 'तिन्ही डिस्क पूर्ण वापरल्या', आणि खाली सही घेतली कुणाची? मालूची.

डेटाबेस बसला. मशीन सुरळीत चालू झालं. संध्याकाळी गुरुजी आले, हळदीकुंकू झालं, नारळ फुटला. खरा घोटाळा झाला तो इथे. मालू हळूच म्हणाली, "एकदा मशीन बंद करून परत चालू करून बघूया, बाई. आमच्यात तसं बघतात."

"बंद?" सुमतीबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, जसं तिनं मंगलाष्टकं चालू असताना नवरामुलगा उचलून न्यायची गोष्ट काढली. "पूजा झालेली वस्तू मी बंद करू देणार नाही. ह्या मशीनवर पहिलं लग्न जमू दे. तोवर हे अखंड चालू राहील. मी तसं गणपतीला बोलले आहे."

आता गणपतीपुढे कोण बोलणार? शिवरामसरांनी हात जोडले. दोन बॅटऱ्या जास्त लावून दिल्या, आणि मशीन चालू राहिलं.

महिना गेला. तिघी मुलींनी अकरा हजार कार्डं मशीनमध्ये घातली. रोज दुपारी काम आवरताना नंदा नावाची त्यांच्यातली थोरली मुलगी दिवसभराचं सगळं तिसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवायची. मालूनं तिला तसं वहीत लिहून दिलं होतं, आणि नंदा ते व्रतासारखं पाळायची. मशीन एकदाही कुरकुरलं नाही. शिवरामसर ऑफिसात सगळ्यांना ऐकवत, "बघा, सव्वीसशे नव्याण्णव नाही, पुऱ्या सत्तावीसशे!"

मालू मान खाली घालून ऐकायची. तिलाही वाटायला लागलं, आपण येड्यासारखं काहीतरी धरून बसलो. तिचा सहावा महिना संपायला चार दिवस राहिले होते.

आणि पहिलं लग्न जमलं. आंबिवलीचा मुलगा, शाळेत चित्रकला शिकवणारा. मुलगी ठाण्याची, खोपटला राहणारी. दोन शाखांतली स्थळं, मशीननं काढून दिलेली. सुमतीबाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी दोन्हीकडच्या मंडळींना, शिवरामसरांना आणि मालूला बोलावलं, पेढे आणले, आणि संकल्प पुरा झाला म्हणून मशीन सर्वांसमोर एकदा बंद करून पुन्हा चालू करायचं ठरवलं. त्याच मुहूर्तावर जुनी कार्डं रद्दीत द्यायची होती. रद्दीवाला तराजू घेऊन दारात बसला होता. पत्र्याचे डबे त्याच्यापुढे रांगेनं मांडलेले.

मशीन बंद केलं. टाळ्या झाल्या. पुन्हा चालू केलं.

पडद्यावर ओळी सरकल्या आणि थांबल्या. पहिली डिस्क ओळखता येत नाही. दुसरी डिस्क ओळखता येत नाही. वाटे नाहीत. डेटाबेस नाही. अकरा हजार वर-वधू एका फटक्यात गायब.

नवऱ्यामुलाच्या आईनं पेढा तोंडातून परत काढला. "म्हणजे, लग्न मोडलं का?"

"अहो नाही हो!" सुमतीबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज पहिल्यांदाच साधा निघाला. मग त्या केळुसकरांकडे वळल्या. केळुसकर मालूकडे वळले.

"मालू! काय करून ठेवलंस हे?"

सगळी खोली तिच्याकडे बघत होती. रिपोर्टवर सही तिची. पर्समध्ये तांबड्या पेन्सिलीचा कागद. तो काढून समोर धरला असता तर कुणी तिला नावं ठेवली नसती. मालूला रडू येत होतं, आणि रडण्याहून जास्त संताप येत होता. मशीन चाललं तरी बोलणी तिनंच खायची, आणि बंद पडलं तरी तिनंच काय? पण ती आधी दाराकडे गेली.

"काका," ती रद्दीवाल्याला म्हणाली, "तराजू आवरा. आज एकही डबा उचलायचा नाही. बसा, पेढा खा."

मग येऊन खुर्चीत बसली. एकेका डिस्कला तिनं विचारलं, तुझे वाटे सांग. पहिली गप्प. दुसरी गप्प. तिसरीनं धडाधडा सांगितले, कुठून कुठवर, सगळे आकडे, तिनं लिहिले होते तस्से. मालू बघतच राहिली. तीनही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी आणलेल्या, एकाच खोक्यातल्या. फरक फक्त एका पट्टीचा.

"सर," ती हळू आवाजात म्हणाली, "मशीनबरोबर जाडं पुस्तक आलेलं. कुठाय ते?"

पुस्तक कुणी उघडलंच नव्हतं. ते प्लॅस्टिकसकट प्रिंटरखाली होतं, उंची जमेना म्हणून. सरांनी ते ओढून काढलं, प्लॅस्टिक फाडलं, आणि बोटानं ओळी शोधत गेले. एका पानावर बोट थांबलं. त्यांनी वाचलं, मनातल्या मनात. परत वाचलं. कानांपासून मानेपर्यंत लाल झाले.

डिस्कच्या शून्य नंबरच्या पट्टीवर तिचा स्वतःचा सातबारा असतो. कुठला वाटा कुठून कुठवर, ते सगळं तिथे लिहिलेलं. डेटाबेसला शून्यापासून जागा दिली की तो पहिल्याच दिवशी त्या सातबाऱ्यावर आपलं बिऱ्हाड मांडतो. चालू मशीनला वाटे तोंडपाठ असतात, त्यामुळे महिनाभर कुणाला पत्ता लागत नाही. बंद करून चालू केलं की ते डिस्कला विचारायला जातं, आणि डिस्ककडे सांगायला काही उरलेलं नसतं. पुस्तकात चौकट करून ठळक लिहिलं होतं: पहिली पट्टी सोडावी.

मालूनं अडीच तास मागून घेतले. दोन्ही डिस्कचे वाटे तिनं पुन्हा घातले, एकपासून. डेटाबेस पुन्हा बसवला, किल्ल्या त्याच्या नावावर केल्या, आणि नंदानं आदल्या दुपारी उतरवलेली नक्कल तिसऱ्या डिस्कवरून परत आणायला घेतली. आकडा वर चढत चालला. तीन हजार, सात हजार. रद्दीवाला पडद्याजवळ येऊन उभा राहिला होता. अकरा हजार झाले तेव्हा पहिली टाळी त्यानंच वाजवली. त्या सकाळी भरलेली सात कार्डं तेवढी गेली होती, ती नंदानं डब्यातून काढून दहा मिनिटांत परत घातली. मग मालूनं मशीन बंद केलं आणि चालू केलं. एकदा नाही, तीनदा. सुमतीबाईंनी गणपतीचं नाव काढलं नाही.

आंबिवलीचा मुलगा आणि खोपटची मुलगी, दोघं आपापल्या जागी होती. "जमलं गो बाई," म्हणत नवऱ्यामुलाच्या आईनं पेढा परत तोंडात टाकला.

"ही मुलगी कामाची आहे हो, केळुसकर," सुमतीबाई म्हणाल्या. "पण मग आधी हिच्याकडून चूक झालीच कशी?"

रिपोर्ट टेबलावर होता, सही मालूची होती, शिवरामसर गप्प राहिले असते तर खपून गेलं असतं. मालू वायर गुंडाळत उभी होती, तिनं वर बघितलंही नाही.

"चूक हिची नाही," सर म्हणाले. "त्या दोन डिस्क मी केल्या, हिचं काम मोडून. तिसरी शून्यापासून कर म्हणून सांगितलं, ते हिनं ऐकलं नाही. ऐकलं असतं तर आज मी, तुम्ही आणि हे डबे, तिघं तराजूत बसलो असतो." मग मालूकडे वळून खेकसले, कारण खेकसल्याशिवाय त्यांना चांगलं बोलता येत नसे, "आणि तू! मालकाचं ऐकत नाहीस? सोमवारी ये, कायम झाल्याचं पत्र घेऊन जा. पण मला एक सांग, तुला माहीत होतं ना हे सातबाऱ्याचं?"

मालूला हो म्हणता आलं असतं. "नाही सर," ती म्हणाली. "आई करते म्हणून."

कोपरीला पोचली तेव्हा बाजार उठायला आला होता. मनुबाई पाटी आवरत होती. मालू चप्पल न काढता तिच्या शेजारी फळीवर बसली आणि सगळं सांगून टाकलं, हसत, मधेच डोळे पुसत. शेवटी कोपऱ्यातल्या पानाकडे हात करून म्हणाली, "आये, तुझ्या देवीनं वाचवलं मना."

मनुबाईनं तिच्याकडे असं बघितलं, जसं एखादं गिऱ्हाईक शिळ्या बोंबलाचा ताजा भाव विचारतंय.

"देवी? कसली देवी गो? पयला वाटा म्हंजे माप. त्याच्याकडं बघून बाकीचे घालायचे. तो इकला तर दुपारपावत हात सैल पडतो, एक वाटा मोठा जातो, एक बारका, मंग भांडणं. तो समोर आसला की कुनाचा किती, ते कळतंय."

"मग देवीचा म्हणून का सांगतेस सगळ्यांना? मना पण तेच सांगितलंस!"

"माप हाय म्हटलं तर गिऱ्हाईक ऐकतंय? म्हणंल, दे तोच, तो मोठा दिसतो. माझ्याशी कुनी पन भांडंल. देवीशी कोन भांडनार?" मनुबाईनं पान उचललं आणि वाटा डब्यात टाकला. "आन तू काय समजलीस, देवी येऊन खाते? रोज रातच्याला कोन गिळत होतं?"

मालूला हसता हसता ठसका लागला. पंचवीस वर्षं देवीचं जेवली होती, आणि पत्ता नव्हता.

पुढच्याच आठवड्यात कल्याणच्या एका दवाखान्याचं काम आलं. हिशेबाला पक्का असा तिथला मॅनेजर चष्मा पुसून कागद बघू लागला आणि पहिल्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाला, "ही जागा रिकामी का? पैसे तर पूर्ण डिस्कचे घेतलेत तुम्ही."

मालूनं पर्समधून पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स काढायला हात घातला. सातबारा, शून्य नंबर, बंद आणि चालू, सगळं समजावून सांगायचं तर अर्धा तास जाणार होता, आणि मॅनेजरच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की एवढं करून तो शेवटी म्हणणार, बरं मग निम्मी तरी द्या. तिनं शेजारी उभ्या शिवरामसरांकडे बघितलं.

सर घसा खाकरून पुढे झाले. "साहेब," ते म्हणाले, "त्याला हात लावू नका. तो देवीचा."